दमयंतीबाईंचा दुसरा भाग

गौरी-गणपतीच्या दिवसांत मला एक पत्र आलं होतं आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्र हातानं लिहिलेलं होतं, अक्षर तरुण होतं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, ‘तुमचा फोन लागत नाही, लागला तर तुम्ही उचलत नाही, म्हणून हा मार्ग.’ वाक्य खरं होतं, त्यामुळे मला राग धरता आला नाही. पत्र मी टेबलावरच्या शब्दकोशाखाली ठेवलं. दसरा गेला, दिवाळी गेली. उत्तराचे दोन-तीन कच्चे मसुदे केले आणि फाडले. माझी पत्नी अरुंधती रोज टेबल पुसताना शब्दकोश उचलायची, पत्राकडे बघायची आणि शब्दकोश परत ठेवायची.

पत्र गंधार नावाच्या दिग्दर्शकाचं होतं. वीसेक वर्षांपूर्वी माझी एक दीर्घकथा दिवाळी अंकात आली होती. मी लोणावळ्याच्या एका ग्रंथालयात नोकरी करायचो. लिहिण्याचं धाडस फारसं केलं नाही, पण ही एक कथा जमली असावी, कारण तिच्यावर ‘काज-बटण’ नावाचा चित्रपट निघाला आणि चालला. गोष्ट एका फॅशन हाउसची. दमयंतीबाई तिथल्या मालकीण, भारी कपड्यांच्या दुनियेतलं मोठं नाव. मावळातून इंद्रायणी नावाची मुलगी त्यांच्याकडे कामाला येते. बाई तिचं शिवण सगळ्यांदेखत ब्लेडनं उसवतात, कापड तिच्या अंगावर टाकतात आणि म्हणतात, ‘उसवलंय. परत टीप घाल.’ त्या वाक्याला थिएटरात शिट्ट्या पडत. नंतर ते रिक्षांच्या मागे रंगवलेलंही मी पाहिलं. शेवटी इंद्रायणी नावारूपाला येते आणि बाईंच्या पाया पडते.

आता गंधारला दुसरा भाग करायचा होता. त्यानं लिहिलं होतं: ‘पहिला भाग हल्लीची मुलं मोबाइलवर बघतात आणि खाली लिहितात, ही बाई कलावंत वगैरे नाही, ही छळ करते. आमचे निर्माते म्हणतात, बाई आहे तशीच ठेवा, लोक तिच्या तोंडासाठीच येतील. माझ्याबरोबर लिहिणारी मुलगी म्हणते, बाईंनी शेवटी रॅम्पवर हात जोडून माफी मागावी. मला दोन्ही खोटं वाटतं. बाई तुमच्या आहेत. आज त्या काय करतील ते तुम्ही सांगा. मी तेच करीन.’

मी काय सांगणार? मी आयुष्यात फॅशन हाउस बघितलेलं नाही. दमयंतीबाईंचा संताप मी आमच्या ग्रंथालयाच्या तेव्हाच्या चिटणिसांकडून उचलला होता. सूचीच्या कार्डावर एक चूक दिसली की चिटणीस ते कार्ड जमिनीवर टाकत आणि आम्ही वाकून उचलत असू. पुढे कितीतरी वर्षं मी सांगत आलो की मी त्यांच्या हाताखाली घडलो. घडलो की नुसता वाकलो, हे कधी तपासलं नाही. अशा माणसानं दुसऱ्या भागाबद्दल मत काय द्यावं?

दिवाळी संपल्यावर सारिका आमच्याकडे आली. कान्हे स्टेशनजवळ तिचा शिवणाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब खोली, त्यात सात-आठ मशिनी आणि तितक्याच मुली. शिवलेल्या नऊवारी साड्या तिथे होतात. नवरीनं नुसती पायात चढवायची आणि वर ओढायची, काष्टा आधीच घातलेला. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या लग्नांत अर्ध्या नवऱ्या सारिकाच्या साडीत उभ्या असतात. अरुंधतीचे ब्लाउजही तीच शिवते आणि स्वतः आणून देते. त्या दिवशी ब्लाउज देऊन ती निघाली नाही. सोफ्याच्या कडेवर बसून राहिली.

“चेहरा का असा?” अरुंधतीनं विचारलं.

“आमची अपेक्षा कामावर येत न्हाई, मावशी. दिवाळी झाली तरी न्हाई. तुळशीचं लगीन झालं की सीझन चालू. तिच्यावानी काष्टा कुनाला बसवता येत न्हाई. तळेगावच्या बुटीकमधी जानार हाय म्हनं सोमवारपासनं.”

“पगार?”

“पगाराचं न्हाई.” सारिकानं माझ्याकडे बघितलं. “आबांच्या पिक्चरचं हाय.”

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

मग तिनं सांगितलं ते असं. पहिला भाग आला तेव्हा ती शाळेत होती. दमयंतीबाई तिच्या मनात बसल्या. स्वतःचं काम सुरू केल्यावर तिनं बाईंसारखा आवाज लावला, बाईंसारखं ब्लेड पदराला खोचायला सुरुवात केली. मुली पाठीमागे तिला दमयंती म्हणत आणि तिला ते आवडायचं. दिवाळीआधी वडगावच्या एका नवरीचा शालू आला होता. अपेक्षानं घातलेली काष्ट्याची टीप किंचित वाकडी गेली. घातल्यावर कुणाला दिसलीही नसती. सारिकानं शालू उचलला, सगळ्या मुलींना मशिनी बंद करायला लावल्या आणि टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्लेडनं उसवली.

“अन् ते वाक्य?” अरुंधती म्हणाली.

“म्हनले की. तेच म्हनले.”

“जरीच्या कापडात भोकं राहतात ना गं?”

“ऱ्हात्यात. मला काय ठावं न्हाई का? राग आला, मावशी. परत टीप घातली तरी शेजारी जुनी भोकं, रांगोळीच्या ठिपक्यावानी.”

“आणि नवरीच्या आईला काय सांगितलंस?”

सारिका ब्लाउजच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. “पोरीनं बिघडवला म्हनले. आमच्याकडनं दुरुस्त करून देतो म्हनले.”

“अपेक्षापुढे?”

“ती बाजूच्याच मशीनवर हुती.”

अरुंधती शाळेत शिकवायची तेव्हा अशा वेळी फळ्याकडे वळून मुलाला सावरायला वेळ द्यायची. आत्ता तिनं उठून चहा ठेवला. सारिका मला म्हणाली, “आबा, तुमी चला माझ्यासंगं तिच्या घरी. तुमचा पिक्चर तिला पाठ हाय. तुमचं ऐकंल ती.”

“मी तिथे काय बोलणार?” मी म्हणालो.

“काही बोलू नका,” स्वयंपाकघरातून अरुंधती म्हणाली. “तुम्हाला ते छान जमतं.”

दुसऱ्या दिवशी लोकलनं आम्ही कान्ह्याला उतरलो. भाताची कापणी होऊन खळ्यावर झोडणी चालली होती. अपेक्षाचं घर रुळांपासून आत, शेताच्या बांधाला लागून. अंगणात तिची आजी, भागुबाई, सुपानं भात पाखडत होती आणि वाळत टाकलेल्या भाताकडे येणाऱ्या एका शेळीला शिव्या देत होती. अपेक्षा आतून आली. बावीस-तेवीसची, बारीक, बोटांना हळदीचा रंग. तिनं मला बसायला खुर्ची दिली, सारिकाला पाणी दिलं आणि स्वतः दारातच उभी राहिली.

“चुकलं माझं,” सारिका म्हणाली. “रजा पायजे तर घे. पगार वाढवते.”

“पगाराचं बोलले का मी, ताई?”

“मग वरडले म्हनून?”

“वरडनं मला नवीन न्हाई. आजी सकाळधरनं वरडतीया.”

“वरडू नको तर काय शेळीला पाट मांडून जेवाय वाढू?” भागुबाई सुपाकडे बघतच म्हणाली.

अपेक्षा हसली नाही. ती माझ्याकडे वळली. “आबा, एक इचारू का? पिक्चरमधी बाई साडी उसवती. मंग इंद्रायणी रात्रभर बसून तीच साडी परत शिवती अन् ती साडी सगळ्यात भारी दिसती. तर तवा भोकं कुटं जात्यात?”

प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. परीक्षणांत नाही, वाचकांच्या पत्रांत नाही. मी खरं तेच सांगितलं. चित्रीकरण बघायला एकदा गेलो होतो, तेव्हा पाहिलं होतं.

“पिक्चरमध्ये दुसरी साडी आणतात,” मी म्हणालो. “तशाच दोन घेतलेल्या असतात.”

अपेक्षा तोंडावर ओढणी धरून हसायला लागली, आणि सारिकाही हसली, नको असताना. भागुबाईनं सूप खाली ठेवलं.

“सारके,” ती म्हणाली, “आपल्याकडं दुसरी साडी नसती गं.”

हसणं थांबलं. भागुबाई पुढे म्हणाली, “आमच्या टायमाला कामावर मालक हात बी उचलायचा. लोक म्हनायचे, म्हनून काम झाक हुतं. माझा हात आधीच चांगला हुता. त्याच्या मारानं काय त्यात भर पडली न्हाई.”

“आजी, तू गप बस जरा,” अपेक्षा म्हणाली. मग सारिकाला, “ताई, मला सॉरी नको. त्या वडगावच्या काकूंना सांगा, भोकं कशानं पडली ते. अन् सगळ्या पोरींपुढं सांगा. त्यांच्याम्होरंच उसवलं हुतं.”

“सीझनच्या तोंडावर गिऱ्हाइकाला सांगू, मीच बिघडवला म्हनून? वडगावची लय घरं त्या काकूच्या शब्दावर माझ्याकडं येत्यात.”

“मग ऱ्हाऊ द्या. मी सोमवारपासनं तळेगावला.”

ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज सुरू झाला, म्हणजे बोलणं संपलं.

स्टेशनपर्यंत सारिका माझ्यापुढे चालत होती. फलाटावर बाकावर बसल्यावर मात्र तिचा राग माझ्याकडे वळला, आणि मला तो रास्त वाटला.

“आबा, तुमी लिवलं तवा बाईचं बराबर हुतं. लोक टाळ्या वाजवत हुते. आता तीच बाई वाईट. मधी काय झालं वो?”

घरी असतो तर शब्दकोश उघडून बसलो असतो. इथे फलाट होता, समोर रिकामे रूळ होते, आणि तिला उत्तर हवं होतं. मी मनात माझी कथा पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. जसा वाचत गेलो तसं मला काहीतरी दिसलं, जे लिहिताना दिसलं नव्हतं.

“सारिका,” मी म्हणालो, “इंद्रायणी बाईंकडे येते तेव्हा तिला शिवण आधीच येत असतं. आईकडून शिकलेली असते. मी पहिल्याच प्रकरणात तसं लिहिलंय. बाई तिला रागावतात, उपाशी ठेवतात, उसवतात. पण अख्ख्या कथेत एक पान असं नाही की जिथे बाई तिला काही शिकवतात.”

“एक बी न्हाई?”

“नाही. मला त्याची गरजच वाटली नव्हती. वाचणाऱ्यालाही वाटली नाही. आम्ही सगळे रागालाच शिकवणं समजत होतो. बाई तेव्हाही तशाच होत्या. आता लोक विचारायला लागलेत की बाई शिकवतात कुठे, एवढंच झालं.”

“मी शिकवते, आबा. काष्टा मीच शिकवला तिला. हाताला हात धरून. किती दिवस लागले.”

“ते मला माहीत आहे. ती शिकली म्हणून तर तुला ती हवी आहे. पण त्या दिवशी ब्लेड चालवताना काय शिकवलंस?”

इतकं सरळ मी कुणाला आयुष्यात बोललो नव्हतो. ती चिडेल, उठून जाईल असं वाटलं. ती उठली, पण लोकल आली होती म्हणून. मला डब्यात बसवून दिलं, खिडकीतून म्हणाली, “नीट जावा,” आणि गेली.

शनिवारी फोन वाजला. अरुंधतीचे हात पिठात होते, म्हणून मला उचलावा लागला.

“आबा, उद्या दुपारी कारखान्यात या. मावशींना बी आना.” पुढे काही न सांगता तिनं ठेवला.

रविवारी मशिनी चालू होत्या, पण बोलणं कमी होतं. आम्हाला भिंतीशी दोन स्टुलं दिली. अपेक्षा आलेली होती, आत मात्र नाही. उंबऱ्याबाहेर चपला घालूनच उभी होती, हातात पर्स, जणू वाटेत थांबली आहे. सारिकानं हात वर केला आणि मशिनी थांबल्या. तिनं फोन कापड कापायच्या टेबलावर ठेवला, नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

“काकू, सारिका बोलतीया, कान्ह्यावरनं. शालूचं सांगायचं हुतं.”

“बोल की गं. झाला का तयार?”

“त्यो शालू पोरीनं न्हाई बिघडवला. तिची टीप जरा वाकडी हुती. मी रागात ब्लेडनं उसवली, भोकं त्याची हायत. पोरीचं नाव मी खोटं घेतलं.”

फोनमधून फक्त टीव्हीचा आवाज येत राहिला. मग कुणीतरी टीव्ही बंद केला.

“हे तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली.”

“हं.” काकूंचा आवाज कोरडा झाला होता. “मग आता भोकांचं काय करणार?”

“वरनं बारीक जरीची पट्टी लावून देते. झाकतील. न्हाईच झाकली तर तसं सांगंन.”

“आणि बायकांनी मला विचारलं, सारिकाकडं साडी द्यायची का, तर मी काय सांगू?”

“झालं ते सांगा.”

“सांगणारच आहे,” काकू म्हणाल्या. थोडं थांबून, “पट्टी त्या मुलीलाच लावू दे. माझ्या पुतणीचा काष्टा तिनंच केला होता ना? लग्नभर हलला नाही.” आणि फोन बंद झाला.

सारिकाचा चेहरा लाल झाला होता. हे तिला महागात पडणार होतं, किती ते सीझन संपल्यावर कळणार होतं. पण तिनं फोन उलटा ठेवला आणि मुलींकडे वळली तेव्हा आवाज नेहमीचाच होता.

“बघताय काय तोंडाकडं? आजपासनं जरीच्या कापडाला आधी कच्चा टाका. बारीक सुईनं, हातानं. मी बघनार, मग मशीन. त्याच्या आधी कुनी मशीनला पाय लावायचा न्हाई.”

“अन् टाका वाकडा दिसला तर?” कोपऱ्यातल्या मुलीनं विचारलं.

“तर वरडीन.”

दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. अपेक्षा आत आली, पर्स खुंटीला लावली आणि आपल्या मशीनशी बसली.

“वरडा, ताई,” ती शालू मांडीवर ओढत म्हणाली. “पन मशीन चालायच्या आधी वरडा. कच्चा टाका निघतो.”

मुली हसल्या. सारिका हसली नाही, पण अपेक्षाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि शालूच्या घडीवर बोट ठेवून काहीतरी दाखवू लागली. आवाज चढलेलाच होता. “अगं, हितनं. हितनं धर. डोळं कुटं हायत तुजे?” अपेक्षा मान हलवत होती, हात चालत होते. कुणी दुखावलेलं दिसत नव्हतं. मी बराच वेळ बघत राहिलो.

निघताना कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, “आबा, दुसऱ्या भागात बाई कशी दावनार?”

“अजून लिहिलं नाही,” मी म्हणालो.

“यांना मुहूर्त लागतो,” अरुंधती म्हणाली. “गणपतीत पत्र आलंय.”

“मग लिवा की,” अपेक्षा मान वर न करता म्हणाली.

घरी आल्यावर मी शब्दकोश बाजूला केला आणि बसलो. मसुद्याचा कागद घेतला नाही, थेट पत्राचाच घेतला. लिहिलं:

‘प्रिय गंधार, उशिराबद्दल क्षमस्व. दमयंतीबाईंना रॅम्पवर हात जोडायला लावू नका. ते पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी होईल, इंद्रायणीला त्यातून काही मिळणार नाही. त्यांना होत्या तशाही ठेवू नका. ज्या खोलीत, ज्या माणसांसमोर त्यांनी तिचं शिवण उसवलं, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर त्यांना एकदा सांगू द्या की चूक कोणाची होती. गिऱ्हाईक ऐकत असताना सांगू द्या. त्यात त्यांचं काहीतरी जाऊ द्या. आणि मग लगेच कामाला लावा. बाईंचा आवाज मऊ करू नका, शिवणातली वाकडी रेघ त्यांना दिसलीच पाहिजे. फक्त ती मशीन चालायच्या आधी दिसू द्या, आणि तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवावं की कुठे. पहिल्या भागात बाई कुणाला काहीच शिकवत नाहीत. हे माझ्या लिहिण्यात राहून गेलं होतं. दुसऱ्या भागात त्यांना शिकवू द्या. आणि साडी एकच घ्या. उसवलेली भोकं पडद्यावर दिसू देत.’

खाली सवयीनं लिहिलं, ‘अर्थात मला या क्षेत्रातलं फारसं कळत नाही, वरील सर्व चुकीचंही असू शकेल.’ अरुंधतीनं पत्र वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला.

“शेवटचं वाक्य कशाला?”

“तसं असू शकतं.”

“असू शकतं. पण तुम्हाला तसं वाटतंय का?”

मी विचार केला. मला तसं वाटत नव्हतं. मी पत्र नव्या कागदावर उतरवून काढलं, ते वाक्य सोडून. खाली सही केली, पाकिटावर गंधारचा मुंबईचा पत्ता लिहिला आणि सकाळी बाजारातून पोस्टात गेलो. तिकीट लावलं. पेटीच्या फटीत पाकीट थोडं अडलं, मी बोटानं आत ढकललं आणि ते खाली पडल्याचा आवाज ऐकला.